तोडणी कार्यक्रम, ट्रॅक्टरच्या खेपा आणि ऑप्टिमायझेशन: मॉडेलमध्ये काय बसत नाही?

शिवारगणित (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले दोन हंगाम आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडणीचं वेळापत्रक गणिताने बसवायचा प्रयत्न करतोय. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. पण घरचा ऊस त्याच कारखान्याला जातो, त्यामुळे "आपली तोड कधी?" हा प्रश्न लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकत आलोय.

कारखान्याकडे हजारो नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गट, रस्ता. आडसाली जुलै-ऑगस्टचा, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, शिवाय खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. प्रत्येकाचा पक्व व्हायचा काळ वेगळा. लवकर तोडला तर साखर भरलेली नसते. उशीर झाला तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटतं. आणि कोयता लागला की लगेच घड्याळ सुरू होतं. शक्यतो २४ तासांच्या आत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा, नाहीतर कांड्यातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि तिचे दाणे पडत नाहीत. म्हणून तोड, वाहतूक आणि गाळप ही तिन्ही एकाच दावणीला बांधलेली आहेत.

एक लहान उदाहरण देतो. आकडे सोयीचे घेतलेत, पण प्रश्नाचा बांधा खराच आहे.

समजा रोजची गाळप क्षमता ३००० टन. १०० ट्रॅक्टर, एका खेपेला २० टन. जवळच्या गटातून एका ट्रॅक्टरच्या दिवसाला २ खेपा होतात, लांबच्या गटातून १. जवळच्या उसाचा उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघणारी साखर, ११ टक्के, लांबच्याचा १२ टक्के. जवळचा ऊस क्ष टन आणि लांबचा य टन धरला, तर

क्ष + य ≤ ३०००
क्ष/४० + य/२० ≤ १००

आणि या दोन अटी सांभाळून ०.११क्ष + ०.१२य जास्तीत जास्त करायचं, म्हणजे साखर.

गट ऑफिसात दोन नियम कायम ऐकू येतात. पहिला, "उतारा जास्त तो ऊस आधी." तो पाळला तर सगळे ट्रॅक्टर लांब जातात, २००० टन ऊस येतो, २४० टन साखर होते आणि कारखाना तिसरा हिस्सा वेळ उसाची वाट बघत बसतो. दुसरा, "जवळचा ऊस आधी." त्यात ३००० टन गाळप होतं, ३३० टन साखर मिळते आणि २५ ट्रॅक्टर बिनकामाचे उभे राहतात. खरं उत्तर जवळचा २०००, लांबचा १०००. साखर ३४० टन. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत, पण दोन अटी एकाच वेळी आवळायला लागल्या की एकट्या नियमाचं काही चालत नाही.

यात मला सगळ्यात भावलेली गोष्ट शॅडो प्राइस, म्हणजे एखादी अट जराशी सैल केली तर किती फायदा होतो तो आकडा. एक ट्रॅक्टर वाढवून बघा. ४० टन ऊस जवळच्याऐवजी लांबचा आणता येतो आणि साखर ०.४ टनाने, म्हणजे ४ क्विंटलने वाढते. २०१९ मध्ये ठरलेली किमान विक्री किंमत ३१ रुपये किलो धरली तर त्या ट्रॅक्टरची दिवसाची किंमत १२,४०० रुपये झाली. भाडं आणि डिझेल मिळून त्याच्या आत बसत असेल तर ट्रॅक्टर लावावा, नसेल तर नाही. असा थेट आकडा हातात आला की बैठकीतला वाद निम्म्यावर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता खरं मोठं गणित. समजा १२,००० नोंदी आणि १५० दिवस. कुठली नोंद कुठल्या दिवशी तोडायची, याची नुसती हो-नाही चलं १८ लाख. शिवाय फड अर्धा तोडून सोडता येत नाही, म्हणून अपूर्णांक चालत नाहीत. मी आधी आठवड्यांचे कप्पे करून गटवार वाटप सोडवतो, मग चालू आठवड्यापुरता दिवसवार क्रम लावतो आणि दर रविवारी सगळं पुन्हा चालवतो.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं. पहिल्या वर्षी मॉडेलने एका बैलगाडीच्या टोळीला सोमवारी एका गावात, मंगळवारी १९ किलोमीटरवर आणि बुधवारी पुन्हा पहिल्या गावात पाठवलं. कागदावर उत्तर अचूक होतं. संध्याकाळी कॅनॉलच्या कडेला टोळीच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी गेलो. बैल वाढं खात होते, चुली पेटल्या होत्या. बीडकडचे मुकादम. त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला, यादी खाली-वर केली आणि एवढंच विचारलं, "साहेब, कोप्या कोन हलविणार?" मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: बांबू, चटया, पाचट, भांडी, धान्य, पोरं, म्हातारी, बैल. एक दिवस उचलण्यात, अर्धा लावण्यात.

माझ्या मॉडेलमध्ये टोळी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका होती. आता "कोपी हलवली का" असं वेगळं चल आहे आणि प्रत्येक हलवण्याला दीड दिवसाचं काम वजा होतं. वेळापत्रक तेव्हापासून पार बदललं.

तुमच्या क्षेत्रात असं काय होतं जे मॉडेलमध्ये नव्हतं? आणि ते कसं कळलं? विज्ञान, इंजिनिअरिंग, काहीही चालेल. सविस्तर लिहा.

थर्डइयर

दादा, भारी धागा. मी मेकॅनिकलला आहे. हे सोडवायला कुठलं सॉफ्टवेअर वापरता? आम्हाला असे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत हाताने तक्ता करून शिकवलीय, तीन चलांच्या पुढे कधी गेलोच नाही.

शिवारगणित

पायथन आणि त्यातली पल्प ही लायब्ररी. सॉल्व्हर हाय्ज, एडिनबरा विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेला आहे, फुकट आहे आणि चांगला आहे. वरचं दोन चलांचं उदाहरण एक्सेलच्या सॉल्व्हरमध्येही पाच मिनिटांत होईल. आधी आलेखकागदावर काढ, मग संगणकावर. अटींच्या रेषांनी जी आकृती बनते तिचे कोपरे डोळ्यांनी दिसले पाहिजेत, उत्तर तिथेच सापडतं.

लागणरजिस्टर

शिवारगणित, मनापासून अभिनंदन. मी शेतकी खात्यातून निवृत्त झालो. आमच्या वेळी हे सगळं लागण रजिस्टर आणि डोक्यात असायचं. हंगामाआधी फडाफडातून हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फिरायचो. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यातला रस एक थेंब, शेंड्याकडचा एक थेंब, दोन्हीचं ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचा अंदाज, बघायचं. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला की ऊस पक्व. शेतकरी शेजारी उभा राहून काचेत डोकावायचा. तो आकडा त्याच्यासमोर वहीत उतरवला की तोड दोन आठवडे पुढे गेली तरी त्याची तक्रार नसायची, कारण ती का गेली हे त्याने स्वतः बघितलेलं असायचं.

तुमच्या उदाहरणातली एक गोष्ट मात्र मला खटकली. ते एका दिवसाचं गणित आहे. जवळचा ऊस रोज २००० टन नेत राहिलात तर जानेवारी उजाडेपर्यंत जवळचं शिवार रिकामं होईल आणि उरलेला सगळा हंगाम लांबच्या उसावर काढावा लागेल. तेव्हा ट्रॅक्टर कमी पडणार. आम्ही म्हणायचो, जवळचा ऊस म्हणजे साठवणीतलं धान्य. पाऊस आला, लांबचे रस्ते बंद पडले की तो कामाला येतो. काळ्या रानात अवकाळी पावसानंतर ट्रॉली चार-चार दिवस हलत नाही. हे तुमच्या अटींत आहे का?

दुसरं, खोडव्याचं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तुटलेल्या उसाचा खोडवा नीट साधत नाही. ज्याला खोडवा ठेवायचाय त्याला तोड लवकर हवी, ज्याला रान मोडून दुसरं पीक घ्यायचंय तो थांबू शकतो. नोंदीच्या फॉर्मवर हा प्रश्न बहुतेक ठिकाणी नसतोच. विचारायला पैसे पडत नाहीत.

शिवारगणित

काका, जवळच्या उसाचा मुद्दा आठवड्यांच्या मॉडेलमध्ये आपोआप येतो, कारण तिथे प्रत्येक गटातला शिल्लक ऊस पुढच्या आठवड्यात नेलाय. पण पावसासाठी राखीव ठेवण्याचा विचार केलाच नव्हता. मॉडेलला पुढचे २२ आठवडे कोरडेच दिसत होते. आता दर आठवड्याला डांबरी रस्त्यालगतचा ठराविक ऊस शिल्लक राहिला पाहिजे अशी अट टाकतो. खोडव्याचा प्रश्न पुढच्या नोंदीपासून फॉर्मवर घ्यायला सांगतो.

शून्यपासून

मी महाविद्यालयात गणित शिकवते. थोडा इतिहास सांगते, कारण या विषयाच्या जन्मापासूनच हा प्रश्न त्याच्यासोबत आहे.

१९३८ मध्ये लेनिनग्राडमध्ये कांटोरोविच या गणितज्ञाकडे एका प्लायवूड कारखान्याचा प्रश्न आला: कुठल्या यंत्रावर कुठलं लाकूड किती वेळ सोलायचं, म्हणजे उत्पादन जास्तीत जास्त निघेल. त्यातून १९३९ मध्ये त्याने रेषीय नियोजनाची पद्धत मांडली आणि तुमच्या शॅडो प्राइससारखे गुणकही. १९७५ मध्ये त्याला कूपमन्ससोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिकडे अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये हवाई दलाच्या नियोजनासाठी सिम्प्लेक्स शोधली. तिची पहिली मोठी परीक्षा झाली आहाराच्या प्रश्नावर. ७७ पदार्थ, ९ पोषक घटक, कमीत कमी खर्च. स्टिगलरने आधी अंदाजाने वर्षाला ३९.९३ डॉलरचं उत्तर काढलं होतं. सिम्प्लेक्सने ३९.६९ डॉलरचं अचूक उत्तर दिलं. त्याला टेबलावरची गणनयंत्रं घेऊन बसलेल्या ९ कारकुनांचे १२० मनुष्यदिवस लागले. स्टिगलर केवळ २४ सेंटने चुकला होता, हे मला अजूनही थक्क करतं.

पुढे डँट्झिगने स्वतःच्या आहारासाठी मॉडेल मांडलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पदार्थाचं पाणी वजा केलेलं वजन जास्तीत जास्त करायचं, असं उद्दिष्ट ठेवलं. उत्तर आलं: रोज ५०० गॅलन व्हिनेगर. तक्त्यात व्हिनेगरमधलं पाणी शून्य लिहिलेलं होतं. ते काढलं तर पुढच्या उत्तरात दिवसाला २०० सूपच्या वड्या आल्या, कारण मिठाला वरची मर्यादा कोणीच घातली नव्हती, इतकं मीठ कोणी खाईल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. तुमच्या कोप्यांची जातकुळी हीच. जे सगळ्यांना माहीत असतं, ते कोणी लिहून ठेवत नाही.

आणि एक आपल्या घरची गोष्ट. सिम्प्लेक्स कोपऱ्यावरून कोपऱ्यावर चालत जाते. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा वाकडा घन दाखवला की त्यात तिला सगळेच्या सगळे कोपरे फिरावे लागतात. चलं ५० असतील तर कोपरे २ चा ५० वा घात. खाचियनने १९७९ मध्ये सिद्धांतात वाट काढली, पण ती व्यवहारात हळू होती. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅब्समध्ये असताना वेगळी पद्धत मांडली. ती कडेकडेने जात नाही, आतून जाते. दर पावलाला आकृतीचं असं रूपांतर करायचं की आपण पुन्हा मध्यभागी येतो आणि मोठं पाऊल टाकता येतं. ग्वाल्हेरला जन्मलेला, आयआयटी मुंबईत शिकलेला मराठी माणूस. कंपनीने त्या पद्धतीवर पेटंट घेतलं तेव्हा गणितावर मालकी सांगता येते का, यावर जगभर वाद झाला. आज चांगल्या सॉल्व्हरमध्ये सिम्प्लेक्स आणि आतून जाणारी, दोन्ही पद्धती असतात. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

तुमच्या हो-नाही चलांना लागणारी फांद्या फोडत आणि छाटत जाण्याची पद्धत १९६० ची, आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोन स्त्रियांची. ही नावं पुस्तकांत फार क्वचित दिसतात, म्हणून मुद्दाम लिहिली.

कोअरबॉक्स

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीत डिझाइनला आहे.

आमच्याकडे टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन चालतं. एक ठोकळा घ्यायचा, बोल्ट कुठे बसतात आणि भार कुठून येतो ते सांगायचं, आणि इतक्या टक्केच माल वापर म्हणायचं. सॉफ्टवेअर ठोकळ्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा ठेवायचा की काढायचा ते ठरवतं. ही पद्धत १९८८ मध्ये बेंडसो आणि किकुची यांनी मांडली. जो आकार निघतो तो हाडासारखा दिसतो, आणि सुंदर दिसतो.

पहिल्यांदा असा ब्रॅकेट काढला, थ्रीडी प्रिंट करून पॅटर्नशॉपमधल्या मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी तो हातात फिरवला, एका खोबणीत करंगळी घातली आणि म्हणाले, "इथली वाळू कुठनं काढणार?" कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, आत अडकत होता. साचा दोन बाजूंना उघडायचा तर त्या दिशेने आड येणारं काहीच नको. सॉफ्टवेअरमध्ये साचा उघडायची दिशा सांगायची सोय होती. मला तिची गरज आहे हेच ठाऊक नव्हतं.

ती अट घातल्यावर वजन थोडं वाढलं, पण पार्ट ओतता आला. आता पहिला आकार निघाला की मी आधी मिस्त्रींकडे जातो, मग ताणाचं विश्लेषण करतो.

कृष्णाकाठ

सांगलीकर. पाटबंधाऱ्याच्या कामात होतो, म्हणून धरणाचं लिहितो.

कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. पावसाळ्यात दोन इच्छा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पाऊस संपताना धरण भरलेलं हवं, कारण पुढचे आठ महिने वीज आणि शेती त्यावर. आणि पूर येतो तेव्हा धरणात जागा रिकामी हवी. कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची, हे जलाशय परिचालन सूचीत लिहिलेलं असतं. ती सूची म्हणजे ऑप्टिमायझेशनचंच उत्तर, फक्त आकड्यांच्या तक्त्यात गोठवलेलं.

इथे एक "सर्वोत्तम" उत्तर नसतं. पूर कमी करत गेलात तर कधीतरी साठा कमी पडायला लागतो. एक सुधारायला दुसरं बिघडवावंच लागतं अशा उत्तरांची एक रेघ मिळते, आणि त्या रेघेवर कुठे उभं राहायचं हे गणित सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचं, आणि ठरवणाऱ्यांनी उघडपणे सांगायचं.

दुसरी अडचण, धरणाखालचा पाऊस. मुक्त पाणलोटातलं पाणी कोणाच्या दारावर अडत नाही. हरिपूरला वारणा मिळते. कोयनेचं दार उघडलं की पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे आज दार किती उघडायचं हे उद्या-परवाच्या पावसावर ठरतं. म्हणून एकाच अंदाजावर गणित न चालवता पावसाच्या अनेक शक्यता घेऊन चालवावं लागतं.

पण मला सर्वात जास्त सतावलं ते नुकसानीच्या सूत्राने. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आमच्या एका जुन्या मॉडेलमध्ये ४५ च्या वरच्या प्रत्येक फुटाला सारखाच दंड होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत मी ते फुटाफुटाने चढताना बघितलंय. एका फुटात रस्ता जातो. पुढच्या फुटात शेजारच्या दुकानातला माल जातो. त्याच्या पुढच्या फुटात वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलेली म्हातारी माणसं होडीतून काढावी लागतात. हे फूट सारखे नाहीत. दंड सरळ रेषेत धरला की मॉडेल खुशाल आठ दिवस थोडा पूर आणि एक दिवस महापूर यांना एकाच तराजूत घालतं. ते सूत्र बदलल्यावर दारं लवकर आणि थोडी-थोडी उघडायची शिफारस यायला लागली.

थर्डइयर

कृष्णाकाठ काका, दंड वर्गाच्या पटीत धरला तर चालेल का? म्हणजे जास्तीच्या फुटांचा वर्ग?

कृष्णाकाठ

सुरुवातीला चालेल, बाळा. सरळ रेषेपेक्षा बरंच. पण खरं सूत्र सर्वेक्षणातूनच येतं: कुठल्या पातळीला किती घरांत पाणी शिरतं, हे घरोघरी जाऊन मोजावं लागतं. एका सुट्टीत सांगलीला ये, भिंतींवरच्या खुणा दाखवतो.

मुकादमाची लेक

मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील २० हंगाम ऊसतोडीला गेले. मी आता शिक्षिका आहे. हा धागा दोनदा वाचला.

शिवारगणित, कोप्यांची अट तुम्ही घातलीत, बरं वाटलं. आमच्या आयुष्याबद्दल तुम्ही आम्हालाच विचारायला आलात, असं फार थोडे लोक करतात. पण तुमच्या पहिल्या प्रतिसादातल्या एका आकड्यावर माझं बोट थांबलंय. "जवळच्या गटातून दिवसाला २ खेपा."

दुसरी खेप कधी भरते?

मी सांगते. दिवसभर वडील तोडायचे, आई मोळ्या बांधायची. संध्याकाळी पहिली गाडी भरून जायची. भाकरी होऊन आडवं पडलं की रात्री एक-दोनला ट्रॅक्टरचा हॉर्न वाजायचा. तो कारखान्यात रिकामा होऊन परत आलेला असायचा. आई उठायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर मोळी, आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायची. एका हाताने मोळी धरलेली, दुसरा हात मोकळा ठेवायचा तोल सांभाळायला. फळी दवाने ओली झालेली असायची. ट्रॅक्टरचा एकच दिवा, तोही समोरच्या बाजूला. मी धाकट्याला मांडीवर घेऊन कोपीच्या तोंडाशी बसायचे आणि आई किती वेळा चढली ते मोजायचे. झोप लागू नये म्हणून मोजायचे. आईचा पाय एकदा त्या फळीवरून घसरला, गुडघा अजून दुखतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोब टनावर. रात्रीच्या भरणीचा वेगळा दर आम्ही तरी कधी पाहिला नाही.

कारखान्याच्या यार्डात गाड्यांची रांग कमी व्हावी म्हणून वेळा विभागून देतात, हे मला माहीत आहे. पण त्यामुळे थांबणं संपत नाही. ट्रॅक्टरचं थांबणं आईच्या झोपेत येतं. तुमच्या गणितात ते कुठे दिसतं? तुमची शॅडो प्राइस १२,४०० रुपये निघाली, ती या दुसऱ्या खेपेवर उभी आहे.

रागाने लिहीत नाही. तुम्ही विचारलंत, काय बसत नाही. म्हणून लिहिलं.

शून्यपासून

ताई, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? अटी कुठे लपतात हे शिकवताना मी कायम असमानतांकडे बोट दाखवते. सहगुणकाच्या आत एक अख्खी रात्र असते, हे मला सुचलं नव्हतं.

मुकादमाची लेक

जरूर वाचा. आईला सांगते.

शिवारगणित

ताई, उत्तर द्यायला दोन दिवस लावले, कारण नुसतं "बरोबर आहे" म्हणून थांबायचं नव्हतं.

तो २ चा आकडा मी कारखान्याच्या गेटच्या नोंदींतून काढला होता. गाडी किती वाजता आत आली हे तिथे असतं. फडात ती किती वाजता भरली, हे कुठेच नसतं. मी कधी विचारलंही नाही. त्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडल्या. पहाटे चार ते सहाच्या दरम्यान गेटवर आलेल्या गाड्या मोजत गेलो. त्या कोणीतरी मध्यरात्रीनंतर भरल्या होत्या. दोन वर्षं हा डेटा माझ्यासमोर होता.

आता तेच लहान उदाहरण पुन्हा मांडतो. भरणी फक्त उजेडात, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. मग जवळच्या गटात एका ट्रॅक्टरच्या दोन दिवसांत ३ खेपा धरू, म्हणजे दिवसाला २ ऐवजी दीड, ३० टन. लांबच्याची एकच खेप दिवसा भरते, ती तशीच.

क्ष + य ≤ ३०००
क्ष/३० + य/२० ≤ १००

उत्तर: क्ष = ३०००, य = ०. गाळप पूर्ण ३००० टन, ट्रॅक्टर १०० च्या १०० लागतात, कारखाना थांबत नाही. पण लांबचा, जास्त उताऱ्याचा ऊस आणायला एकही ट्रॅक्टर उरत नाही. साखर ३४० वरून ३३० टनांवर येते.

पुन्हा ३४० हवे असतील तर जवळच्या २००० टनांना ६७ आणि लांबच्या १००० टनांना ५०, असे ११७ ट्रॅक्टर लागतील. म्हणजे १७ जास्त. १० टन साखर म्हणजे १०० क्विंटल, त्याच ३१ रुपयांच्या भावाने ३,१०,००० रुपये. भागिले १७, तर प्रत्येक जादा ट्रॅक्टरमागे दिवसाला १८,००० रुपयांच्या थोडं वर. ट्रॅक्टरचा दिवसाचा खर्च याच्या खाली असेल तर रात्रीची भरणी बंद करून ३३० वर थांबण्यापेक्षा जादा ट्रॅक्टर लावणं कारखान्याला परवडतं. आधीच्या गणितात हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती, कारण रात्र २ या आकड्यात मुरलेली होती.

लागणरजिस्टर काकांचा मुद्दा इथेही लागू आहे. हा एका दिवसाचा हिशोब, हंगामभराचा वेगळा निघेल. खऱ्या मॉडेलमध्ये आता प्रत्येक खेपेला भरणीची वेळ जोडतोय. गेटच्या नोंदीत ती नसल्यामुळे स्लिप देणाऱ्या मुलांना फडातच वेळ लिहायला सांगणार आहे. शेतकी विभागासमोर दोन्ही वेळापत्रकं शेजारी-शेजारी ठेवीन, रात्रीच्या भरणीचं आणि दिवसाच्या भरणीचं, खर्चासकट.

लागणरजिस्टर

बैठकीला जाताना स्लिपवाल्या मुलांपैकी एकाला सोबत न्या. आणि टोळीतल्या एखाद्या बाईला. आकडा तुम्ही सांगा, फळी कशी असते ते त्यांना सांगू दे.

मुकादमाची लेक

१७ ट्रॅक्टर मिळालेच नाहीत तर?

शिवारगणित

तर ३३० टन. गाळप तेवढंच, साखर दिवसाला १० टन कमी, आणि भरणी दिवसा. हे तिसरं वेळापत्रकही छापून नेतो.